ब्रेकडाउन रजिस्टर घेऊन ल माँ बघायला बसा

जूनच्या मध्यावर एक शनिवार असा येतो की संध्याकाळी सातलाच माझ्या घरचा कुकर उतरलेला असतो, मोबाइल चार्जिंगला असतो आणि टीपॉयवर शंभर पानी आखीव वही उघडी असते. साडेसातला, म्हणजे फ्रान्समध्ये दुपारी चारला, ल माँची मोटारींची चोवीस तासांची शर्यत सुटते. ती कशी बघायची ते सांगतो. पहिल्या वर्षी मला सांगणारं कुणी नव्हतं आणि माझं निम्मं बघणं फुकट गेलं.

मी पिंपरीच्या एका कारखान्यात चोवीस वर्षं मेंटेनन्सला होतो, तीनही शिफ्ट केल्या. आमच्याकडे प्रत्येक शिफ्टला ब्रेकडाउन रजिस्टर असायचं. त्यात चार रकाने: वेळ, मशीन नंबर, काय झालं, किती मिनिटं बंद. पुढच्या शिफ्टचा माणूस आला की रजिस्टर समोर ठेवून त्याला चार्ज द्यायचा आणि मग घरी जायचं. ल माँ मला कळली ती हेच रकाने वहीत आखल्यावर.

त्याआधी, २०११ साली, मी फक्त सगळ्यांत पुढच्या गाड्यांकडे बघत बसलो होतो. पहिल्याच तासात अ‍ॅलन मॅकनिशची ऑडी एका फेरारीला ओलांडताना तिला लागली आणि थेट टायरच्या भिंतीवर जाऊन आदळली. रात्री माइक रॉकेनफेलरच्या ऑडीचं तसंच झालं, तिथंही ओलांडायची होती ती फेरारीच. दोघं जिवानिशी वाचले, गाड्यांचा मात्र चुरा झाला. ऑडीच्या तीन गाड्यांपैकी उरलेली एक जिंकली, तीही चोवीस तासांनंतर फक्त १३.८५४ सेकंदांनी. त्या दोन्ही फेरारींची या ऑडींशी काही स्पर्धाच नव्हती. त्या वेगळ्याच वर्गात, वेगळ्याच शर्यतीत होत्या. मग या दोन शर्यतींतल्या गाड्या एकमेकींना इतक्या नडतात कशा, हे शोधायला मी वही काढली.

तर आधी वर्ग समजून घ्या. सध्या तीन आहेत. २०२४ ला सुरुवातीच्या रांगेत ६२ गाड्या होत्या, त्यात २३ हायपरकार, १६ एलएमपी२ आणि २३ एलएमजीटी३. हायपरकार म्हणजे फेरारी, टोयोटा, कॅडिलॅक अशा कंपन्यांनी खास शर्यतीसाठीच बांधलेली यंत्रं. वजन साधारण हजार-साडेदहाशे किलो, ताकद सहाशे ऐंशी अश्वशक्तीच्या आसपास. सगळ्या कंपन्या बरोबरीत राहाव्यात म्हणून वजन आणि ताकद आयोजक थोडी वरखाली करतात. एलएमपी२ मध्ये सगळ्यांकडे एकच गाडी, ओरेका ०७, आणि एकच गिब्सन व्ही८ इंजिन. तिथं फरक पाडतात ती फक्त माणसं, म्हणून कारखान्यात आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला तो वर्ग फार जवळचा वाटतो. एलएमजीटी३ म्हणजे दिसायला रस्त्यावरच्याच स्पोर्ट्स कार: पोर्शे ९११, कॉर्व्हेट, मस्टँग. त्या प्रत्येक गाडीत तीन चालकांपैकी एक ‘ब्राँझ’ असावाच लागतो. मोटारशर्यतींची जागतिक संस्था एफआयए चालकांना प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ अशा चार श्रेणी देते. ब्राँझ म्हणजे बहुतेक वेळा स्वतःचा धंदा सांभाळून हौसेनं शर्यतीत उतरलेला माणूस. त्यालाही किमान सहा तास गाडी चालवावी लागते, पावसात नि रात्रीसुद्धा.

आता वहीतला एक हिशेब बघा. ट्रॅक १३.६२६ किलोमीटरचा. हायपरकारची फेरी धरा साडेतीन मिनिटांची, एलएमजीटी३ ची, म्हणजे थोडक्यात जीटीची, चार मिनिटांची. म्हणजे हायपरकार दर फेरीला अर्धा मिनिट कमावते आणि साधारण अठ्ठावीस मिनिटांत त्याच जीटीच्या मागे पुन्हा येऊन उभी राहते. जीटी २३ आहेत. म्हणजे सरासरी सव्वा मिनिटाला एक जीटी ओलांडायची, एका फेरीत जवळजवळ तीन. वर एलएमपी२ आहेतच. हे चोवीस तास चालू राहतं. अपघातानंतर सगळ्यांना सावकाश चालवणारी सेफ्टी कार आली की हिशेब विस्कटतो, पण अंदाज येतो: पुढे असलेला चालक दिवसभरात जितका वेळ प्रतिस्पर्ध्याशी लढतो, त्याहून कितीतरी जास्त वेळ तो वाट काढत असतो.

खंडाळ्याच्या घाटात गाडी चालवली असेल तर हे लगेच कळेल. तिथं खरा भरवशाचा कोण? आपली लेन धरून, एका चालीनं चढणारा ट्रकवाला. तो मागची गाडी बघून एकदम डावीकडे ओढू लागला की अपघात ठरलेला. ल माँतही तेच. मागून येणारा दिवे मारतो, मार्शल निळा झेंडा दाखवतो, पण वाट शोधायचं काम मागच्या वेगवान गाडीचं. पुढच्यानं आपली रेषा सोडायची नाही. चांगला ब्राँझ चालक ओळखायचा तो यावरून. अर्ध्या तासात वीस गाड्या त्याच्या दोन्ही अंगांनी जातात आणि त्याची रेषा हातभरही हलत नाही. अशा माणसाला मी वहीत नावासकट लिहितो.

म्हणून पहिलं काम: शनिवारी शर्यत सुटायच्या आधी तीन गाड्या निवडा, प्रत्येक वर्गातली एक. नंबर लिहा, तीनही चालकांची नावं लिहा. जिंकेल अशी वाटते म्हणून घेऊ नका. चालकाची काही गोष्ट माहीत असेल तर ती घ्या, नाहीतर रंग आवडला म्हणून घ्या, पण तिन्हीवर चोवीस तास लक्ष ठेवा. बासष्ट गाड्या कुणाच्याच डोळ्यांत मावत नाहीत. तीन मावतात, आणि त्या तीनच्या निमित्तानं बाकीच्या आपोआप कळत जातात.

दुसरं काम वेळपट्टीचं. चित्र टीव्हीवर किंवा लॅपटॉपवर, आणि शेजारी मोबाइलवर अधिकृत लाइव्ह टायमिंग. भारतात प्रक्षेपण कुठं आहे ते मे महिन्यातच बघून ठेवा. ही शर्यत ज्या जागतिक मालिकेत येते तिचं स्वतःचं पैसे देऊन घ्यायचं अ‍ॅपही आहे. टायमिंगवर एकूण क्रमांक बघू नका, वर्गातला क्रमांक बघा. तुमची जीटी एकूण चाळिसावी असेल आणि वर्गात पहिली. टीव्हीवर ती बहुतेक दिसणारच नाही, कॅमेरा हायपरकारच्या मागे असतो. तिची लढाई तुम्हाला आकड्यांतूनच बघावी लागेल आणि ती बघायची सवय एकदा लागली की चित्रापेक्षा आकडे जास्त बोलतात.

गाडी कुठं ओलांडली याकडे लक्ष द्या, किती ओलांडल्या ते नंतर. युनोदिएरचा सरळ पट्टा जवळजवळ सहा किलोमीटरचा, एरवी तो साधा सार्वजनिक रस्ता आहे. १९९० पासून त्यात दोन शिकेन, म्हणजे वेग कमी करायला लावणारी वळणं, घातली, तरी तिथं जीटी गाठली तर हायपरकारचं काहीच जात नाही. पण तीच जीटी पोर्शे कर्व्हजमध्ये समोर आली तर? सलग वेगवान वळणं, दोन्ही बाजूंना भिंती, ओलांडायला जागा नाही. पूर्ण भाग संपेपर्यंत मागे मागे जायचं, दोन-तीन सेकंद गेले. मुरलेला चालक हे आधीच ताडतो आणि इंडियानापोलिस-आर्नाज या त्याआधीच्या वळणांच्या आधी जोर लावून जीटी उरकतो, किंवा उलट थोडा मागे राहतो नि पिटच्या, म्हणजे इंधन-टायरसाठी थांबायच्या जागेसमोरच्या, पट्ट्यावर ओलांडतो. दोन गाड्यांतलं अंतर एकाच फेरीत तीन सेकंदांनी वाढलं तर आधी बघा, मागच्याला जीटी कुठं आडवी आली. निम्म्या वेळा उत्तर तिथंच असतं.

पिटमध्ये काय बघायचं? हायपरकार साधारण चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी आत येते. इंधन भरताना इंजिन बंद ठेवावं लागतं आणि टायरला हात लावायचा नसतो. इंधन संपल्यावर टायर. म्हणजे टायर बदलले की थांबा लांबला. म्हणून संघ तेच टायर दोन-तीन पाळ्या ओढतात. रजिस्टरमध्ये प्रत्येक थांब्यापुढे ‘फक्त इंधन’, ‘टायर’, ‘चालक बदल’ एवढं लिहा. पहाटेपर्यंत पान भरलं की एखाद्या संघाचं धोरण टीव्हीवाल्यांच्या आधी तुम्हाला दिसू लागेल. मी हे खरंच सांगतो. बाहेर पडताना टायर थंड असतात, ती पहिली अर्धी फेरी जपून बघा, बऱ्याच गाड्या तिथं घसरतात. (इंधनाची एक गोष्ट मला फार आवडते. २०२२ पासून ते वाईन बनवताना उरलेल्या चोथ्यापासून आणि गाळापासून केलेलं असतं. आपल्याकडे मळीपासून इथेनॉल करतात, त्याच वाटेचं.)

चालकांनाही शिफ्ट आहेत. सहा तासांत चार तासांपेक्षा जास्त कुणी चालवायचं नाही, आणि एकूण चौदा तासांपेक्षा जास्त नाही. कोण किती वेळ बसला हे लिहीत गेलात तर रविवारी दुपारी कळतं की कुणाकडे अजून ताजा माणूस शिल्लक आहे.

सेफ्टी कारबद्दल एवढंच लक्षात ठेवा. लहान अपघात असेल तर त्या भागापुरता ‘स्लो झोन’, ताशी ८० किलोमीटर. मोठा असेल तर सेफ्टी कार, आणि ट्रॅक इतका लांब की एकदम तीन निघतात. मग सगळ्यांना एका रांगेत आणतात, नंतर वर्गाप्रमाणे लावतात. याला वेळ लागतो. चहा टाकायची, दूध आणायची, आईला फोन करायची हीच वेळ.

झोपेचं गणित नीट मांडा, कारण बहुतेक जण तिथंच चुकतात. रात्री जागे राहतात आणि शर्यतीची खरी रात्र झोपेत घालवतात. त्यांचं घड्याळ आपल्या साडेतीन तास मागे. जूनमध्ये तिथं सूर्य दहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे आपल्याकडे दीड वाजता. उगवतो सहाच्या सुमारास, आपले साडेनऊ. म्हणजे आपली पहाट ही त्यांची मध्यरात्र. मी साडेसात ते साडेदहा एकटक बघतो, पहिल्या तीन तासांत गाड्यांचा स्वभाव कळतो. साडेदहाला वही मुलीकडे, आणि ती नसेल तर टायमिंगचा एक स्क्रीनशॉट काढून मी झोपतो. पावणेदोनला गजर. अंधार पडताना ब्रेकच्या तबकड्या लाल होऊन चमकतात, जीटीचे पिवळे दिवे आणि हायपरकार-एलएमपी२ चे पांढरे दिवे वेगळे दिसू लागतात. पिवळ्या दिव्यांच्या मागून पांढरा झोत आला की समजायचं, आता ओलांडणी होणार. चारला पुन्हा तासभर डुलकी. पाच ते दहा मात्र जागे राहा, पोहे खा, पण उठू नका. उत्तररात्री माणसाचं काय होतं ते नाइट शिफ्ट केलेल्याला सांगायला नको. तीन ते पाचमध्ये आमच्याकडेही सगळ्यांत जास्त चुका व्हायच्या, चांगल्या चांगल्या माणसांच्या. आणि सूर्य उगवला की हवा गार, रस्त्यावर रबर बसलेलं, चालकाला समोरचं नीट दिसतंय, तेव्हा फेऱ्यांच्या वेळा एकदम खाली येतात. ते बघताना मला दर वर्षी भरून येतं. दहा ते तीन अंघोळ, जेवण, बाजार, झोप. साडेतीनपासून शेवटचे चार तास परत बैठक.

२०२४ ला मी प्रत्यक्ष गेलो. मुलगी नांतला शिकत होती, तिनं तिकीट काढलं. जायचं असेल तर पॅरिसच्या माँपार्नास स्टेशनवरून वेगवान गाडीनं साधारण तासाभरात ल माँ येतं, आणि तिथून ट्राम थेट ट्रॅकजवळ आंतारेसपर्यंत जाते. शक्य असेल तर शुक्रवारी पोचा, त्या दिवशी चालकांची मिरवणूक शहरातून निघते आणि लोक रस्त्याच्या दोन्ही कडांना लहान मुलांना खांद्यावर घेऊन उभे असतात. साध्या तिकिटावरही पुष्कळ फिरता येतं. मला सगळ्यांत जास्त समाधान मिळालं ते तर्त्र रूजच्या गवताळ उतारावर. तिथं गाड्या वळून सरळ पट्ट्याला लागतात आणि गाड्यांचे आवाज वेगळे ओळखता येतात: कॉर्व्हेटचा घुमणारा, पोर्शे ९११ चा ताणलेला, आणि फेरारी हायपरकारचा त्या मानानं बराच शांत. कानात घालायचे बोळे न्या, रेनकोट न्या, आणि चिखलाचे जुने बूट न्या. मी कापडी बूट घालून गेलो होतो. रात्री पाऊस सुरू झाला, आणि इतका की चार तासांहून जास्त सेफ्टी कार फिरत राहिली. पायमोजे पिळून मी स्टँडखाली बसलो, रजिस्टर प्लास्टिकच्या पिशवीत. आजूबाजूला लोक खुर्च्यांवर झोपले होते, आणि समोरून ओल्या रस्त्यावर गाड्या एका रांगेत, सावकाश, जात होत्या. पण त्या वेळीही पिटमध्ये कुणी बसलेलं नव्हतं. मेकॅनिक उभे होते, हेल्मेट घालून. लाइन बंद असली तरी माणूस मशीनपाशी उभा असतो, तसे. दुसऱ्या दिवशी संपताना नऊ गाड्या एकाच फेरीवर होत्या, आणि ५० नंबरची फेरारी, मध्येच दार उघडं राहिलं म्हणून पिटमध्ये बोलावलेली, १४.२२१ सेकंदांनी जिंकली. माझी जीटी, मँथी संघाची ९१ नंबरची पोर्शे, वर्गात पहिली आली. चिखलात नाचायला येत नाही, तरी मी नाचलो.

शेवटच्या तासात खुर्ची सोडायची नाही, हा माझा एकच कडक नियम. २०१६ ला काझुकी नाकाजिमाची टोयोटा शेवटची तीन मिनिटं उरली असताना, सगळ्यांच्या पुढे असताना, पिटसमोरच्या पट्ट्यावर थांबली. आमच्या रजिस्टरच्या भाषेत त्या चोवीस तासांचं सगळं उत्पादन शेवटच्या तीन मिनिटांत रद्द झालं. शेवटची फेरी ठरल्या वेळेत पूर्ण न झाल्यानं तिचं निकालात नावसुद्धा राहिलं नाही. त्या दिवशी पिटमधल्या टोयोटाच्या माणसांचे चेहरे दाखवले, ते मी अजून विसरलेलो नाही. लाइन माझ्या हातात असताना बंद पडली की कसं वाटतं, ते मला माहीत आहे.

आणि म्हणूनच जुन्या वह्या टाकू नका. २०२१ ला, त्या वर्षी शर्यत ऑगस्टमध्ये झाली, माझी एलएमपी२ होती ४१ नंबरची. रॉबर्ट कुबित्सा, लुई देलेत्राझ, ये यीफेई. कुबित्साला मी मुद्दाम निवडलं होतं. २०११ च्या सुरुवातीला रॅलीच्या अपघातात त्याचा उजवा हात जवळजवळ गेला होता, आणि तो माणूस परत आला. ४१ शर्यतभर चांगली चालली, वर्गात पहिली होती, आणि अगदी शेवटच्या फेरीला बंद पडली. त्यांच्याच संघाची दुसरी गाडी जिंकली. मी लिहिलं: ‘४१, शेवटची फेरी, थांबली’. ‘किती मिनिटं बंद’ हा रकाना मोकळा ठेवला, कारण मशीन परत चालू झालंच नव्हतं.

२०२५ ला गाड्या निवडताना यादीत ८३ नंबरची पिवळी फेरारी दिसली: कुबित्सा, ये यीफेई, फिल हॅन्सन. कंपनीच्या मुख्य संघाची नव्हे, वेगळी दिलेली गाडी. जुनी वही कपाटातून काढली आणि शेजारी ठेवली. चोवीस तासांत त्या गाडीचं माझ्याकडे सव्वादोन पानं भरून रेकॉर्ड आहे, प्रत्येक थांबा, प्रत्येक चालक बदल. शेवटच्या पाळ्यांना कुबित्सा बसला तेव्हा मागे पोर्शे होती आणि ती शेवटपर्यंत मागे राहिली, १४.०८४ सेकंद. ८३ जिंकली. मी २०२१ च्या पानावर, त्या मोकळ्या रकान्यात, तारखा मोजून ‘तीन वर्षं, नऊ महिने, चोवीस दिवस’ असं लिहिलं आणि खाली सही केली, चार्ज देताना करायचो तशी.

शर्यत संपल्यावर लगेच वही मिटू नका. कधी कधी तपासणीत निकाल बदलतो, त्यामुळे तुमच्या तीनही गाड्यांच्या फेऱ्या आणि अंतिम क्रमांक दुसऱ्या दिवशी पक्के करून लिहा. आणि सोमवारची रजा मे महिन्यातच टाकून ठेवा.